होमस्टेची वेबसाइट अपंग पाहुण्यांनाही वापरता येईल अशी कशी करावी

मालवण, तारकर्ली, गुहागर, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या घरगुती मुक्कामांच्या अनेक वेबसाइट एकाच साच्यातल्या असतात. वर लाटांचा व्हिडिओ, खाली दरपत्रकाचा फोटो, मग मेन्यूचा फोटो आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘बुकिंगसाठी फोन करा’. दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) दरपत्रकाशी येऊन नुसता ‘इमेज’ म्हणतो. कर्णबधिर पाहुण्याला फोनचा उपयोग नाही. हात थरथरणाऱ्या आजोबांना ती बारीक बटणं सापडत नाहीत. यातलं बरंचसं मालकाला स्वतः दुरुस्त करता येतं. ज्याला डेव्हलपर, म्हणजे वेबसाइटचा कोड लिहिणारा, लागतो त्यातलं बहुतेक शेवटी घेतलं आहे.

कायद्याचं थोडक्यात: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि त्याच्या कलम ४६ मध्ये सरकारीच नव्हे तर खासगी सेवा देणारेही येतात. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तांत्रिक मोजमापासाठी डब्ल्यूसीएजी ही वेबसाइटच्या सुगमतेची आंतरराष्ट्रीय नियमावली वापरतात. तिची २.२ आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिची ए (किमान), एए, एएए (सर्वांत कडक) अशी तीन पातळ्यांची उतरंड आहे. एए गाठायचं ठरवा. खाली दिलेले बहुतेक आकडे त्या पातळीत बसणारे आहेत.

आधी स्वतःच्या फोनवर ऐकून बघा

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतोच, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. टॉकबॅक चालू करण्याआधी ते बंद कसं करायचं ते शिकून घ्या. सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅकचा शॉर्टकट आवाजाच्या दोन्ही बटणांवर ठेवा, म्हणजे ती एकत्र काही सेकंद दाबली की ते सुरू-बंद होतं. हे न करता चालू केलं की फोन अडकला असं वाटून माणूस घाबरतो. खरं तर फक्त स्पर्शाचे नियम बदललेले असतात: एकदा बोट लावलं की ती वस्तू वाचून दाखवली जाते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते, उजवीकडे बोट सरकवलं की पुढच्या वस्तूवर जातं आणि पान खाली सरकवायला दोन बोटं लागतात. बोलण्याच्या सेटिंगमध्ये मराठी आवाज उतरवून घ्या.

आता स्क्रीनकडे न बघता तीन कामं करा: दोन माणसांच्या खोलीचा दर शोधा, तारीख टाकून विचारणा पाठवा, आगाऊ रक्कम भरण्याच्या पायरीपर्यंत जा. जिथे अडाल ती जागा कागदावर लिहा. पुढच्या कामांची यादी तीच. संगणकावर हीच तपासणी करायला विंडोजसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो.

फोटोतली अक्षरं बाहेर काढा

सगळ्यात जास्त फरक याच कामाने पडतो. दरपत्रक, मेन्यू, येण्याचा रस्ता, रद्द करण्याच्या अटी, जे जे बॅनरवर किंवा फोटोत आहे ते पानावर टाइप करा. फोटो ठेवायचा तर ठेवा, पण मजकूर त्याच्या खाली आलाच पाहिजे. पावसाळ्यात रेंज गेली की फोटो उतरत नाही, टाइप केलेला दर मात्र दिसतो. म्हणजे याचा फायदा डोळस गिऱ्हाइकालाही होतो.

मराठीत इथे आणखी एक सापळा आहे. छापखान्यातून आलेला मजकूर बऱ्याचदा कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये असतो. डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण आत साठवलेली असतात भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. ओळखायला सोपं आहे: वेबसाइटवरची किंवा पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. गिचमिड उमटली तर फाँट जुना आहे, आणि काहीच निवडता आलं नाही तर ते चित्र आहे. जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत आणता येतो, पण तो तसाच चढवू नका. रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्या’सारखी जोडाक्षरं हमखास जागा चुकतात. ‘पर्यटक’, ‘किनाऱ्यावर’, ‘मिरची’ असे शब्द शोधून आधी तेच तपासा.

दर टेबलमध्ये द्यायचे असतील तर पहिल्या ओळीतल्या आणि पहिल्या रकान्यातल्या चौकटी शीर्षक-चौकटी म्हणूनच नोंदवा. नुसतं ठळक करून भागत नाही. नोंदलेलं असलं की स्क्रीन रीडर ‘मे महिना, एसी खोली’ असं सांगून मग आकडा वाचू शकतो. नाहीतर एकामागून एक आकडे ऐकू येतात आणि कुठला कशाचा ते कळत नाही. चौकटी एकत्र जोडू नका. आणि हाताने लिहिलेल्या वहीतली ती ‘,,’ खूण किंवा ‘वरीलप्रमाणे’ टेबलमध्ये आणू नका. ऐकणाऱ्याला ‘वर’ दिसत नाही. आकडा पुन्हा लिहा.

मेन्यूत शाकाहारी-मांसाहारी फक्त हिरव्या आणि तपकिरी ठिपक्याने दाखवलं असेल तर लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्याला तो उपयोगाचा नाही. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत मांसाहाराच्या खुणेत गोलाऐवजी त्रिकोण आला, तो आकार वेगळा ओळखू यावा म्हणूनच. वेबसाइटवर तर शब्दच लिहा: ‘सुरमई थाळी (मांसाहारी)’.

फोटोंना वर्णन

प्रत्येक फोटोला ऑल्ट मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचायचं वर्णन, देता येतो. वेबसाइट बनवण्याच्या बहुतेक साधनांत फोटो चढवतानाच त्यासाठी चौकट असते. ती रिकामी सोडण्याआधी हा फोटो कशासाठी लावलाय ते स्वतःला विचारा. खोलीच्या फोटोला ‘रम्य कोकण’ लिहून पाहुण्याला काही कळत नाही. ‘तळमजल्यावरची खोली: डबल बेड, खिडकीसमोर माडांची बाग, न्हाणीघराच्या दाराशी एक पायरी’ यातून कळतं. सुरुवातीला ‘फोटो’ हा शब्द नको, स्क्रीन रीडर तो स्वतःच सांगतो. एक-दोन वाक्यांत संपवा. निव्वळ शोभेची नक्षी असेल तर ऑल्ट मुद्दाम कोरा ठेवा. कोरा असणं आणि मुळातच नसणं यात फरक आहे: नसेल तर काही वेळा फाइलचं नाव, म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक माळ, वाचली जाते. फोटोवर दाबल्याने काही उघडत असेल तर काय उघडतं ते लिहा. हिरव्या व्हॉट्सअ‍ॅप चिन्हाचं वर्णन ‘हिरवं चिन्ह’ नव्हे, ‘व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा’.

रंग आणि अक्षरं

साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) किमान ४.५ ला १ हवा. २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. हापूसचा केशरी रंग इकडे सगळ्यांचा लाडका, आणि नेमका तोच दगा देतो: एफएफ ९८ ०० हा रंग-कोड असलेल्या केशरीवर पांढरी अक्षरं टाकली तर गुणोत्तर जेमतेम २.२ भरतं. उन्हात फोन धरला की धडधाकट डोळ्यांनाही ते वाचवत नाही. त्याच केशरीवर काळी अक्षरं टाका, गुणोत्तर साडेनऊच्या पुढे जातं. रंग सोडायची गरज नाही. व्हिडिओवर थेट अक्षरं टाकली तर मागे लाट येईल तसा कॉन्ट्रास्ट बदलत राहतो, म्हणून अक्षरांखाली गडद पट्टी द्या.

देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त उभी जागा लागते. अक्षर १६ ते १८ पिक्सेल आणि ओळीची उंची १.६ पट ठेवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. दोन्ही कडा सारख्या करण्याचा सोसही नको, शब्दांमध्ये भगदाडं पडतात. मोबाइलवर बोटांनी पान मोठं करण्याची सोय काही तयार साच्यांत बंद केलेली असते, ती उघडायला सांगा. मजकूर २०० टक्के मोठा केल्यावरही काही कापलं जाता कामा नये. बटण किमान २४ बाय २४ पिक्सेल हवं, आणि अंगठ्याने दाबायचं असेल तर त्याच्या दुप्पट बरं.

बुकिंगचा फॉर्म

चौकटीच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेलं ‘नाव’ टाइप करायला लागलं की नाहीसं होतं. विसरभोळ्याला आपण कुठल्या चौकटीत आहोत तेच कळत नाही. नाव चौकटीच्या बाहेर, कायमचं दिसेल असं लिहा आणि कोडमध्ये ते त्या चौकटीशी जोडा. चूक झाली तर नुसती लाल कड नको. ‘मोबाइल नंबर १० अंकी हवा, ९ अंक भरले आहेत’ असं शब्दांत सांगा.

मराठी कीबोर्डवरून ‘९८’ टाइप केलं की पुष्कळ फॉर्म ते अंक मानतच नाहीत. मोबाइलची चौकट ‘नंबर’ प्रकारची न ठेवता ‘टेल’ प्रकारची करा आणि देवनागरी अंक सर्व्हरवर रोमन अंकांत बदलून घ्या. तारखेसाठी फक्त उघडणारं कॅलेंडर ठेवलं तर माउसशिवाय नुसता कीबोर्ड वापरणारे अडकतात, तारीख टाइपही करता आली पाहिजे. वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र ओळखायला लावणारं कॅप्चा काढूनच टाका. ओटीपीला वेळ पुरेसा द्या आणि तो पेस्ट करू द्या.

पैशांसाठी नुसता क्यूआर कोड टांगू नका. वेबसाइट ज्या फोनवर उघडली आहे त्याच फोनने तो कोड स्कॅन कसा करणार? खाली यूपीआय आयडी मजकुरात लिहा, खात्यावरच्या नावासह. आणि संपर्काला फोनबरोबर व्हॉट्सअ‍ॅप, एसएमएस, ईमेल यातलं किमान एक हवंच.

आवाज, व्हिडिओ

पान उघडताच वाजणारी लाटांची गाज स्क्रीन रीडरच्या आवाजावर चढते, मग पुढचं काही ऐकूच येत नाही. आपोआप सुरू होऊन ३ सेकंदांहून जास्त वाजणारा आवाज बंद करायची सोय बंधनकारक आहे. मुळात तो वाजवूच नये हे उत्तम. आपोआप सरकणारी चित्रमाला ५ सेकंदांपुढे चालत असेल तर तिला थांबवायचं बटण द्या. बोलण्याच्या व्हिडिओला मराठी सबटायटल्स हवीत. यंत्राने आपोआप केलेल्यात गावांची नावं बघून घ्या, देवबाग आणि दिवेआगरचं काय होईल सांगता येत नाही.

जागेची मापं लिहा

‘व्हीलचेअर फ्रेंडली’ हे शब्द पुरेसे नाहीत. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस आकडे शोधत असतो. दार उघडल्यावर मिळणारी मोकळी रुंदी सेंटिमीटरमध्ये (चौकटीची नव्हे), पायऱ्या किती आणि केवढ्या उंच, गाडी कुठपर्यंत येते, अंगणात जांभ्याची फरशी आहे की वाळू, कमोड आहे का, आधाराची दांडी आहे का. रॅम्प १ ला १२ उताराचा हवा, म्हणजे १५ सेंमीच्या पायरीला १८० सेंमी लांबी. दोन फळ्या टेकवून त्याला रॅम्प म्हणू नये. सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होडीची माहिती देत असाल तर भरती-ओहोटीप्रमाणे होडीत चढण्याची उंची बदलते हेही लिहा.

डेव्हलपरला काय सांगायचं

पानाची भाषा कोडमध्ये ‘एमआर’ अशी नोंदवा, नाहीतर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायचा प्रयत्न करतो. इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्यापुरती भाषा बदला. शीर्षकं खरी शीर्षकं हवीत, कारण स्क्रीन रीडर वापरणारे शीर्षकांवरून उड्या मारत पान चाळतात. माउस बाजूला ठेवून टॅब दाबत जा: आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट प्रत्येक ठिकाणी दिसली पाहिजे. सुंदर दिसत नाही म्हणून ती कोडमधून काढून टाकायची खोड अनेकांना असते. पॉपअप एस्केपने बंद झाला पाहिजे. ‘इथे क्लिक करा’ऐवजी ‘खोल्यांचे दर पहा’ अशा लिंक हव्यात.

एका ओळीचा कोड टाकला की साइट सुगम होते असं सांगणारी विजेट विकत घेऊ नका. अशाच दाव्यांवरून २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले. लाइटहाउस किंवा वेव्हसारखी तपासणीची साधनं जरूर वापरा, पण १०० पैकी १०० गुण आले तरी ऑल्टमध्ये ‘रम्य कोकण’च लिहिलंय हे त्यांना कळत नाही. त्यासाठी स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या माणसाला तासभर बसवा, मघाची तीन कामं त्याच्याकडून करून घ्या आणि त्या वेळेचे पैसे द्या.

मे महिन्याचे किंवा दिवाळीचे दर बदलताना घाईत पुन्हा दरपत्रकाचा फोटोच चढवला जातो. दर बदलायचे ते टेबलमध्ये, आणि मागच्या हंगामाची पीडीएफ सर्व्हरवरून काढून टाकायची, कारण गूगलवर शोधणाऱ्याला ती अजून सापडत असते.