मुलाचा आराखडा कुटुंबासोबत कसा करावा: संयोजकांसाठी

मानसिक आरोग्य, शिक्षण आणि घर अशा तिन्ही बाजूंनी अडचणीत असलेल्या मुलाभोवती माणसं बरीच जमतात. समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ, वर्गशिक्षक, बालकल्याणाचे कार्यकर्ते, कधी न्यायालयाने नेमलेले अधिकारी. प्रत्येकाकडे आपापला आराखडा असतो. एक सांगतो शिस्त वाढवा, दुसरा सांगतो दडपण कमी करा, आणि आठवड्यातल्या पाच भेटींना पळताना आईची नोकरी धोक्यात येते. हे सगळं एका आराखड्यात आणण्याच्या पद्धतीला ‘रॅपअराउंड’ म्हणतात, आणि ते जुळवून आणणारा तो संयोजक. ती अमेरिकेत 1980च्या दशकात आकाराला आली. 2004 मध्ये नॅशनल रॅपअराउंड इनिशिएटिव्ह या तिथल्या गटाने तिची दहा तत्त्वं आणि चार टप्पे लिहून काढले: कुटुंबाशी जुळवून घेणं, पहिला आराखडा, अंमलबजावणी आणि निरोप.

दहा तत्त्वं पाठ करणं अवघड नाही. कस लागतो तो दोन ठिकाणी: निर्णय खरोखर कुटुंबाचा ठेवताना, आणि सेवेऐवजी गरज लिहिताना.

टीम जमवण्याआधी

पहिले दोन-तीन आठवडे फक्त कुटुंबासाठी ठेवा. भेट त्यांना सोयीच्या वेळी आणि जागी. काय गुप्त राहील आणि काय सांगावंच लागेल (स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, मुलावर होणारा अत्याचार) हे बोलणं सुरू होण्याआधी स्पष्ट करा. मुलाने विश्वासाने काही सांगितल्यावर नियम काढलात, तर ते मूल पुन्हा बोलणार नाही.

मग लगेच विचारा, “येत्या आठवड्यात काय बिघडेल अशी भीती वाटते?” उत्तर गंभीर असेल तर त्याच दिवशी तात्पुरती सुरक्षा योजना करा, बाकीचं थांबू शकतं. त्यानंतर हकिकत त्यांच्या तोंडून ऐका. फाइल नंतर वाचली तरी चालते. मुलाशी एकट्याने बोलायला वेगळा वेळ काढा, कारण आईवडिलांसमोर किशोरवयीन मुलं बहुतेक वेळा खांदे उडवतात.

बलस्थानं लिहिताना ‘हुशार आहे, प्रेमळ आहे’ असं लिहू नका, त्यातून पुढे काहीच करता येत नाही. ‘सायकल स्वतः दुरुस्त करतो, धाकट्या बहिणीला रोज झोपवतो, मामाचं ऐकतो’ असं लिहा. जमलेली माहिती दोन-तीन पानांत लिहून कुटुंबाला वाचून दाखवा आणि नको ते त्यांना खोडू द्या. ते खोडल्याशिवाय कागद कोणालाही पाठवायचा नाही.

टीममध्ये कोण

पाच ते आठ माणसं पुरतात. त्यातली निम्मी तरी पगारी नसलेली असावीत: मावशी, शेजारी, प्रशिक्षक, मुलाचा विश्वासू मित्र. व्यावसायिक मंडळी बदलतात, बदली होते, निधी संपतो. ही माणसं मागे राहतात. “मदतीला कोण आहे?” असं विचारलंत तर बऱ्याचदा “कोणी नाही” असंच ऐकू येतं. त्याऐवजी विचारा, “रात्री दोन वाजता अडचण आली तर फोन कोणाला कराल? पूर्वी कोणाला करायचात?” तुटलेल्या नात्यांतली काही या प्रश्नाने परत सापडतात. प्रत्येकाला बोलावण्याआधी कुटुंबाची लेखी संमती घ्या, आणि त्या व्यक्तीला किती सांगायचं हेही ठरवून घ्या. ज्याच्यापासून मुलाला धोका आहे तो माणूस नातेवाईक असला तरी त्या खोलीत नको.

पहिली बैठक

दीड तास ठेवा आणि सगळ्यांना दिसेल अशा फळ्यावर लिहा. सुरुवात कुटुंबाच्या शब्दांतल्या स्वप्नाने करा: “रात्रीचं जेवण भांडणाशिवाय व्हावं” हे वाक्य चालेल. तज्ज्ञांच्या भाषेत त्याला सुधारू नका. मग बलस्थानं, मग गरजा. इथेच बहुतेक आराखडे फसतात.

समजा, चौदा वर्षांचा मुलगा शाळेत मारामारी करतो. टीम लिहिते, ‘राग आवरण्यासाठी समुपदेशन हवं.’ ही सेवा झाली. तिच्यामागे पर्याय एकच उरतो, आणि तो फसला की दोष मुलाच्या माथी येतो. म्हणून विचारत राहा: मारामारी नेमकी कधी होते? भाषेच्या तासानंतर. त्या तासाला काय होतं? मोठ्याने वाचायला सांगतात, तो अडखळतो, वर्ग हसतो. मग गरज अशी लिहिता येते: ‘शाळेत आपण मठ्ठ नाही, असं त्याला वाटायला हवं.’ यासाठी निदान आठ-दहा उपाय फळ्यावर येऊ द्या, आणि ते येईपर्यंत एकावरही टीका नको. वाचायचा उतारा आदल्या दिवशी द्यावा. वाचनातल्या अडचणीची तपासणी करावी. शाळेच्या कार्यशाळेत सायकलदुरुस्ती त्याने इतरांना शिकवावी. यातलं काय घ्यायचं ते मुलगा आणि आईवडील निवडतील. समुपदेशनही त्यात असू शकतं, पण त्यांनी निवडलं म्हणून.

एका वेळी दोन-तीन गरजाच घ्या. प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव आणि तारीख हवी. ‘टीम बघेल’ लिहिलेलं काम होत नाही. बैठक संपण्याआधी आईच्या नावापुढची कामं मोजा. निम्म्याहून जास्त असतील तर तिथेच वाटणी बदला. माप साधं ठेवा: मारामारी आठवड्यातून किती वेळा, हे आज किती आहे, कोण मोजणार आणि कधी.

न्यायालयाचा आदेश किंवा सुरक्षेची अट असेल तर ती सुरुवातीलाच ‘हे बदलता येणार नाही’ म्हणून मांडा. उरलेल्या जागेत निवड कुटुंबाची. “त्यांना ते कळत नाही” असं व्यावसायिकांकडून ऐकू येतं तेव्हा संयोजकाने ठामपणे उभं राहायला हवं, कारण आराखडा रोज त्याच घराला चालवायचा असतो.

संकट येणार हे धरूनच चाला

संकट योजना वेगळ्या कागदावर लिहा. आधी काय घडतं, पहिली लक्षणं कोणती (दार आपटणं, फोन बंद करणं), त्या पायरीवर कोण काय करेल, त्याने भागलं नाही तर पुढे कोण. फोन नंबर आणि ती माणसं मिळाली नाहीत तर दुसरे नंबर. स्वतःला इजा करण्याचा धोका असेल तर औषधं आणि धारदार वस्तू कुलपात ठेवण्याची जबाबदारी नावानिशी द्या. मग योजनेचा सराव करा. “मी फोन केला, उचलला नाही, आता?” असं विचारलं की फटी दिसतात. संकट येऊन गेल्यावर दोन-तीन दिवसांत टीम भेटावी. अशा वेळी मुलाला कार्यक्रमातून काढण्याचा मोह होतो. काढू नका, आराखडा बदला.

पुढचे महिने

अंमलबजावणीत टीम निदान महिन्यातून एकदा भेटावी आणि संयोजकाने दर आठवड्याला कुटुंबाशी बोलावं. एका संयोजकाकडे दहाच्या आसपास कुटुंबं असतील तरच हे जमतं. वीस झाली की बैठका कागदोपत्री उरतात आणि एकाचा आराखडा दुसऱ्याच्या नावावर उतरतो. मुलाशिवाय बैठक घ्यायला सुरुवात झाली तर तो धोक्याचा इशारा समजा. बैठक कंटाळवाणी असेल तर वेळ कमी करा, पण त्याला बाहेर ठेवू नका.

पूर्ण प्रक्रियेला साधारण नऊ ते अठरा महिने लागतात. शेवटच्या काही महिन्यांत बैठक बोलावणं, मुद्दे काढणं, शाळेला फोन करणं ही तुमची कामं एकेक करून कुटुंबाकडे द्या. मूल प्रौढ वयाकडे झुकत असेल तर प्रौढांच्या सेवांशी ओळख निदान वर्षभर आधी करून द्या, कारण तिथे नियम, डॉक्टर आणि संमतीचा हक्क सगळंच बदलतं. निरोपाच्या वेळी हातात तीन कागद हवेत: काय उपयोगी पडलं, ताजी संकट योजना, आणि पुन्हा मदत लागली तर कोणाकडे जायचं ते. पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात तुम्ही फोन करणार असाल तर त्याच्या तारखा त्याच कागदावर लिहून द्या.