सोशल अँग्झायटीचा ऑनलाइन कोर्स करताय? मग लॅपटॉप बंद करायलाही शिका

चार लोकांत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो अशा माणसाला कॉम्प्युटरवरची थेरपी म्हणजे लॉटरीच वाटते, कुणाला तोंड दाखवायला नको, घरबसल्या वाचायचं आणि बरं व्हायचं. मीपण तसंच समजून पहिले तीन मॉड्यूल दोन रात्रींत संपवले आणि फरक शून्य, कारण वाचणं हीच माझी लपायची नवी जागा झाली होती.

कोर्स निवडताना दोनच गोष्टी बघा. सीबीटीवर, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीवर आधारलेला आहे का आणि मागे मेसेजला उत्तर देणारा खराखुरा थेरपिस्ट आहे का. एकट्याने करणारे मधेच सोडतात, आठवड्याला कुणीतरी विचारणारं असलं की टिकतात. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांच्या टीमने त्यांची इंटरनेटवरची थेरपी समोरासमोरच्या थेरपीशी ताडून बघितली, गुण जवळपास तेवढाच आला आणि थेरपिस्टचा वेळ मात्र खूप कमी लागला. स्क्रीनवर चेहरे आणि ठिपके दाखवून लक्ष वळवायला शिकवणारे गेम्स असतात त्यांच्या नादी लागू नका, घरून इंटरनेटवर करून बघितलं तेव्हा ते तुलनेसाठी ठेवलेल्या नकली ट्रेनिंगपेक्षा सरस ठरले नाहीत.

सुरुवातीला सोशल अँग्झायटी किती आहे ते मोजणारी स्पिन नावाची 17 प्रश्नांची प्रश्नावली भरा, 0 ते 68 मध्ये स्कोअर येतो, तो लिहून ठेवा, मग दर दोनेक आठवड्यांनी परत भरा.

आता खरं काम. याच क्लार्क यांनी एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञासोबत 1995 साली मांडलं की भीती टिकून राहते ती आपलं सगळं लक्ष स्वतःवर असल्यामुळे आणि आपल्या बारीकसारीक बचावांमुळे. म्हणजे कप दोन्ही हातांनी घट्ट धरणं, वाक्य आधी मनात दहादा घोकणं, मोबाईलमध्ये डोकं घालणं वगैरे. कोर्समध्ये प्रयोग करायला सांगतात तो असा करा: कागदावर लिहा, 'मीटिंगमध्ये प्रश्न विचारला तर आवाज कापेल आणि सगळे वळून बघतील', शेजारी किती खात्री ते टक्क्यांत. मग न घोकता प्रश्न विचारा, लक्ष स्वतःच्या आवाजावर नाही तर समोरच्यांच्या चेहऱ्यांवर ठेवा, आणि बाहेर आल्या आल्या काय दिसलं तेवढंच लिहा. माझी खात्री होती 90 टक्के, वळून बघितलं एकाने, तेही घड्याळ माझ्या मागे होतं म्हणून.

व्हिडिओचा भाग असेल तर अजिबात टाळू नका. स्वतःचं रेकॉर्डिंग बघायच्या आधी काय दिसेल ते नेमकं लिहा, चेहरा किती लाल, हात किती थरथरणार, आणि मग अनोळखी माणसाचा व्हिडिओ असल्यासारखं बघा. मनातलं चित्र आणि स्क्रीनवरचं चित्र जुळत नाही, हे मला कुणी हजारदा सांगून पटलं नसतं.

एक मात्र, जगणंच नको वाटत असेल किंवा अंथरुणातून उठवत नसेल तर कोर्स बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना गाठा, त्याच दिवशी.

आणि रात्री पडल्या पडल्या दिवसभराची रीळ परत फिरायला लागली की मनात वाद घालत बसू नका, दिवा लावा, तो कागद काढा, लिहिलेलं वाचा आणि दिवा बंद करा.