जुन्या टाटाच्या डिझेलात पाणी: पंप उतरवायच्या आधी टाकी बघा

पाऊस लागला की आमच्याकडे चिपळूणला येणाऱ्या ट्रकवाल्यांची तक्रार ठरलेली. बहादूरशेख नाक्यापासून पोफळीपर्यंत गाडी व्यवस्थित येते, कुंभार्ली घाट लागला की झटके, पिकअप नाही, पांढरा धूर, आणि वळणावर बंद. सल्लाही ठरलेलाच मिळतो: "पंप उतरवा," म्हणजे इंजिनला दाबाने डिझेल देणारा पंप. पंप उतरवला की कॅलिब्रेशन (प्रत्येक सिलिंडरला जाणारं डिझेल मोजून जुळवणं) आलं, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी टोकं) आले, दोन दिवस गाडी उभी. इतकं करून टाकीतलं पाणी टाकीतच, म्हणून महिनाभरात गाडी परत दारात.

मी बोलतोय ते १२१०, १६१२, १६१३ अशा जुन्या सहा सिलिंडरच्या गाड्यांबद्दल. मायको कंपनीचा इनलाइन पंप, त्याच्या अंगाला फीड पंप (टाकीतलं डिझेल ओढून पुढे देणारा), फीड पंपावर हातपंप, आणि ओळीत दोन फिल्टर. नव्या कॉमन रेल गाड्यांना (एकाच नळीत फार जास्त दाबाने डिझेल धरून ठेवणाऱ्या) हे लावू नका. तिथे चालू इंजिनवर पाइप सैल केला तर धार कातडीतून आत जाते.

गाडी घाटातच का अडते? पाणी डिझेलपेक्षा जड. डिझेलची घनता ०.८२ ते ०.८५ च्या आसपास, म्हणजे पाणी हमखास तळाला बसणार. टाकीतला ओढणारा पाइप तळापासून जरा वर असतो. सपाटीला पाणी खाली निवांत पडून राहतं आणि वरचं स्वच्छ डिझेल इंजिनला मिळतं. चढ लागला, ब्रेक दाबला, वळण घेतलं की पाणी एका कडेला चढतं आणि पाइप त्याचा घोट घेतो. टाकी अर्ध्याखाली गेली की त्रास वाढतो तो यामुळेच. ड्रायव्हरला पहिला प्रश्न मी हाच विचारतो: टाकी भरल्यावर गाडी सुधारते का? "हो" म्हणाला की पंपाकडे मी बघतही नाही.

तरी खात्री करायचीच, कारण पांढरा धूर दुसऱ्या कारणांनीही येतो. हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं तर रेडिएटरचं पाणी कमी होत जातं आणि झाकणाखाली बुडबुडे दिसतात. लाइन कुठे एअर घेत असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू व्हायला त्रास देते आणि हातपंप मारला की सुधारते. नुसता फिल्टर चोंदला असेल तर झटके कमी, पण गाडी वरच्या रेसला दम सोडते आणि रोज थोडी थोडी बिघडत जाते. पाण्याचं तसं नाही. आता ठीक, आता बंद, पुन्हा ठीक.

तपासायला एक रिकामी पारदर्शक बाटली पुरे. फीड पंपाच्या तोंडाला जाळीची वाटी असते, ती खोला आणि आतलं सगळं बाटलीत घ्या. पहिल्या फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून तिथलंही घ्या. बाटली अर्धा तास हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. थर न पडता सगळं ताकासारखं गढूळ राहिलं तर पाणी डिझेलात घुसळलं गेलंय. ते बसायला रात्र लागते. तळाला काळा, बुळबुळीत गाळ आला तर पाणी बरेच दिवसांचं आहे. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, हा गाळ त्यांचा. असा गाळ दिसला की टाकी उतरवून आतून धुवायची. नाहीतर नवे फिल्टरही काही दिवसांत चोंदतील.

आता काम. सुरुवात टाकीपासून, आणि काम पुढे पुढे पंपाकडे सरकवायचं. उलटं कधीच नको.

गाडी अशी लावा की टाकीच्या तळाचा नट सगळ्यात खाली येईल, आणि रात्रभर हलवू नका. सकाळी सेल्फ मारायच्या आधी नट हळूहळू सैल करा, पूर्ण काढू नका. पहिलं येतं ते पाणी आणि गंज. स्वच्छ डिझेलची धार लागेपर्यंत कॅनमध्ये घ्या, रस्त्यावर सोडू नका; मागून येणारा दुचाकीवाला त्यावरून घसरतो. नट गंजून धरला असेल तर पाना वाकेपर्यंत जोर करू नका, टाकीचा पत्राच फाटतो. त्यापेक्षा टाकीवरचं डिझेल गेजचं युनिट काढा आणि पारदर्शक नळी तळाच्या कोपऱ्यापर्यंत सोडून हातपंपाने ओढा. तोंडाने ओढू नका. टाकीत आडवे पत्रे असतात, त्यामुळे एका कोपऱ्यातून सगळं येत नाही. नळी दोन-तीन जागी फिरवा.

टाकीला भोक पडलंय म्हणून वेल्डिंगला नेणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रिकामी दिसणारी टाकी वाफेने भरलेली असते आणि गॅस लावला की फुटते. आतून नीट धुऊन, पाण्याने भरून, वेल्ड करायच्या जागेपुरती मोकळी ठेवूनच काम करायचं. "काही होत नाही" म्हणणाऱ्या वेल्डरकडे टाकी देऊ नका.

मग फीड पंपाची वाटी आणि जाळी डिझेलने धुवा. पहिला फिल्टर कापडी असेल तर धुऊन चालतो, कागदी मात्र बदलायचाच. कॉम्प्रेसरने फुंकून परत घातलेला कागदी फिल्टर बारीक फाटतो, आणि पुढची घाण थेट पंपात जाते. भांड्याचे रबर नवे घाला. बँजो बोल्टाचे (डिझेलचे पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवे मिळाले नाहीत तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा. तांबं मऊ होतं आणि पुन्हा नीट बसतं. इथे आळस केला तर पाणी गेलं आणि एअर आली, असं होतं.

नवा फिल्टर वरून डिझेल ओतून भरू नका. हातपंपानेच भरायचा. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा, स्क्रू आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. इथे घाई नको. पंपाच्या पोटात उरलेलं पाणीही याच वाटेने बाहेर यायला हवं, म्हणून बुडबुडे थांबल्यावरही थोडं डिझेल जाऊ द्या. शेवटी ॲटमायझरकडच्या (नोझल ज्यात बसतं तो भाग) पाइपांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा. डिझेल झिरपायला लागलं की आवळा. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांच्या वर दाबू नका, मध्ये मिनिटभर थांबा. हात पाइपांपासून लांब, आणि हातपंपाची मूठ परत आवळायला विसरू नका.

गाडी बरेच दिवस पाण्यासकट उभी होती तर सेल्फ मारायच्या आधी पंपाचा स्टॉप लिव्हर (इंजिन बंद करणारा) हाताने हलवून बघा. सहज जाऊन परत यायला हवा. अडकत असेल तर आतला रॅक (डिझेलचं माप ठरवणारी पट्टी) किंवा प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) गंजलाय, आणि अशी गाडी सुरू झाली तर रेस वर जाऊन थांबतच नाही. अशा वेळी मात्र पंप उतरवायचाच. जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांना मी हेच सांगत होतो: चावी फिरवू नका, आधी टाकी, इंजिन ऑइल आणि स्टॉप लिव्हर बघा. ऑइल पांढरट दिसलं तर त्यात पाणी गेलंय, मग पुढचं काम वेगळंच.

सगळं करूनही इंजिन मिसिंग मारत असेल तर आयडलवर एकेका ॲटमायझरच्या पाइपाचा नट जरा सैल करून परत आवळा. ज्याचा नट सैल केल्यावर आवाज बदलत नाही तो सिलिंडर काम करत नाही. तेवढाच ॲटमायझर काढून टेस्टिंगला द्या. गरम टोकाशी पाण्याची वाफ होते आणि नोझलचं तोंड खराब होतं, त्यामुळे एखादा जाणं नवल नाही. पण एकासाठी सहा बदलायला लावणाऱ्याला कारण विचारा.

पाणी काढायला टाकीत स्पिरिट किंवा पेट्रोल ओततात, ते करू नका. स्पिरिट तळाचं पाणी उचलून पंपातूनच नेतं, आणि प्लंजरला वंगण म्हणून फक्त डिझेल असतं. पेट्रोलने तेही पातळ होतं, वर आगीचा धोका.

टाकीत पाणी आलं कुठून? रात्रीच्या गारव्याने टाकीत दव धरतं असं सगळे सांगतात. खोटं नाही, पण तेवढ्याने वाटीभर पाणी जमत नाही. मला बहुतेक वेळा झाकणाचं कडक झालेलं रबर सापडतं, नाहीतर टाकीच्या डोक्यावर गेज युनिटखालचं गॅस्केट. मागच्या चाकाचं पाणी तिथे साचून आत मुरतं.

आणि चिऱ्याच्या खाणीवर भरत असाल तर बॅरल बघा. उभ्या बॅरलच्या डोक्यावर पाऊस साचतो, रात्री डिझेल गार होऊन आकसलं की बूच घट्ट दिसत असूनही ते पाणी आत ओढलं जातं. बॅरल छपराखाली आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असं. भरताना नळी तळाला टेकवू नका, शेवटचं चार बोटं डिझेल आत राहू द्या. पेट्रोलपंपावर टँकर खाली होत असेल तर तेव्हा भरू नका. तळ ढवळलेला असतो. शंका आली तर पट्टीला पाणी दाखवणारी पेस्ट लावून त्यांची टाकी मोजायला सांगा. पेस्टचा रंग बदलला की पाणी आहे.

पहिली घाटाची फेरी झाली की फीड पंपाची वाटी परत खोला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीचा नटही. वाटीत पुन्हा पाणी आलं तर फिल्टर नका बदलू, झाकणाचं रबर बदला.