इन्फिल्डर व्हायचंय? आधी पाय बघा

तुमचा मुलगा डाव्या हाताने चेंडू फेकत असेल तर सुरुवातीलाच सांगून टाकते: बेसबॉलच्या इन्फिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या भागात, त्याला एकच जागा आहे, फर्स्ट बेसची. सेकंड बेस, थर्ड बेस आणि शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधली जागा) या तिन्ही जागांवरून चेंडू बहुतेक वेळा फर्स्टकडे, म्हणजे आपल्या डावीकडे फेकायचा असतो. डावखुऱ्याला त्यासाठी अख्खं अंग वळवावं लागतं, आणि तेवढ्यात धावणारा पोहोचतो. फलंदाजी डावखुरी असेल तर उत्तमच, उलट ती मागितली जाते. प्रश्न फक्त फेकण्याचा आहे. हे कोणी वेळेवर सांगत नाही. पोरगं चार वर्षं शॉर्टस्टॉप व्हायची स्वप्नं बघतं आणि मग एक दिवस प्रशिक्षक त्याला मागे, आउटफिल्डमध्ये पाठवतो.

मी स्वतः बेसबॉल खेळलेली नाही. शाळेत सॉफ्टबॉल खेळले, तेवढंच. पण मिडवेस्टमधल्या ज्या छोट्या गावात आमचा संसार झाला, तिथे मायनर लीगचा, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेतल्या क्लबांसाठी खेळाडू घडवणाऱ्या खालच्या स्पर्धेतला, एक संघ होता, आणि त्या काळी खेळाडूंना राहायला गावातली घरं शोधत. मुलं शिकायला बाहेर गेली, वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या, तेव्हा आम्हीही नाव दिलं. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे एकोणीस-वीस वर्षांची पोरं राहायची. त्यातले बरेचसे इन्फिल्डर निघाले हा निव्वळ योगायोग. २०२२ पासून राहण्याची सोय क्लबनेच करायची असा नियम आला आणि ती प्रथा जवळपास संपली. तोवर या धंद्याची पडद्यामागची बाजू जेवणाच्या टेबलावर भरपूर ऐकून झाली होती. आता महाराष्ट्र मंडळाच्या सहलीला गेलं की कोणीतरी हमखास विचारतं, "ताई, आमच्या चिरंजीवांना बेसबॉलचं वेड लागलंय, पुढे काय होऊ शकतं?" तेच एकदा सविस्तर लिहिते.

क्रिकेटवाल्या आईबापांना वाटतं की क्षेत्ररक्षण म्हणजे हात. इन्फिल्डर आधी पायांनी खेळतो. पिचरने चेंडू सोडला की चारही इन्फिल्डर एक छोटीशी उडी घेतात, बॅटला चेंडू लागायच्या क्षणी दोन्ही पाय नुकतेच जमिनीला टेकलेले असतात, आणि तिथून कुठेही जाता येतं. टीव्हीवर कॅमेरा पिचर-बॅटरवर असल्यामुळे हे दिसतच नाही. मैदानात गेलात तर एक अख्खी इनिंग फक्त शॉर्टस्टॉपचे पाय बघा. माझा नवरा आधी कंटाळला, मग त्याला तेच बघायचं व्यसन लागलं.

दुसरी गोष्ट टप्प्याची. जमिनीवरून येणारा चेंडू एक तर टप्पा पडताक्षणी उचलायचा, नाही तर तो पूर्ण वर येऊन खाली यायला लागल्यावर. मधल्या उंचीवर तो गाठला तर फजिती ठरलेली. कोणता टप्पा मिळणार हे चेंडू ठरवत नाही, आपण पुढे किती आणि कधी येतो त्यावर ते ठरतं. आमच्याकडचा एक डॉमिनिकन शॉर्टस्टॉप गॅरेजच्या भिंतीवर टेनिसचा चेंडू मारत तासन्‌तास हेच करायचा. हातात ग्लव्हऐवजी एक चपटा फळकुटासारखा सराव-ग्लव्ह असायचा. त्यात चेंडू अडकत नाही, त्यामुळे दोन्ही हात वापरावेच लागतात. शेजारणीने आवाजाची तक्रार केली, तेव्हा मी तिला सामन्याची दोन तिकिटं देऊन गप्प केलं.

क्रिकेटमधली एक सवय इथे मोडावी लागते. आपल्याकडे गुडघा टेकून, अंग आडवं घालून चेंडू अडवायला शिकवतात, चौकार वाचला की काम झालं. इथे चेंडू अडवणं हे अर्धंच काम. होमपासून, म्हणजे बॅटर उभा असतो तिथून, फर्स्ट बेस नव्वद फूट, आणि सर्वसाधारण धावणारा ते साधारण सव्वाचार सेकंदांत कापतो. त्या वेळात चेंडू तुमच्यापर्यंत यायचा, तुम्ही उचलायचा, ग्लव्हमधून काढायचा आणि शंभर-सव्वाशे फूट अचूक फेकायचा. गुडघा जमिनीला लागला की गेलंच. उलट क्रिकेटमधून एक गोष्ट फार कामाची येते: उघड्या हातांनी झेलायची सवय असलेल्या मुलांचे हात मऊ असतात, चेंडू आला की ते मागे घेतात. इथल्या प्रशिक्षकांना ती गोष्ट पटकन दिसते.

आता वाट कशी असते ते. अमेरिकेत राहणाऱ्या मुलासाठी मुख्य रस्ते दोन: हायस्कूलमधून थेट ड्राफ्ट (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती वार्षिक निवड), किंवा कॉलेजातून ड्राफ्ट. ड्राफ्ट पूर्वी चाळीस फेऱ्यांचा असायचा, २०२१ पासून वीस फेऱ्यांचा आहे. याचा अर्थ कोणी नीट समजावून सांगत नाही: एकविसाव्या ते चाळिसाव्या फेरीत जी शेकडो पोरं दरवर्षी "बघू या काय होतं" म्हणून घेतली जायची, त्यांची ड्राफ्टमधली जागाच गेली. त्याच वर्षी क्लबांशी जोडलेले मायनर लीग संघही एकशे वीसवर आणले. दार अरुंद झालंय, आणि म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या काही फेऱ्यांतला मोठा बोनस समोर नसेल तर मुलाने कॉलेजात जावं. पूर्ण शिष्यवृत्तीची आशा मात्र धरू नका. वर्षानुवर्षं डिव्हिजन वनच्या (कॉलेजच्या खेळांतली सगळ्यात वरची पातळी) बेसबॉल संघाला ११.७ शिष्यवृत्त्या मिळायच्या आणि त्या पंचवीस-तीस पोरांत वाटल्या जायच्या. नियम आता बदललेत, पण मोठ्या संघांबाहेर पैसा वाटूनच मिळतो. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते.

भारतीय आईबापांना एक नाव माहीत असावं: अर्जुन निम्मला. फ्लोरिडातला मुलगा, आईवडील भारतातून आलेले, लहानपणी क्रिकेटही खेळलेला. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये टोरोंटो ब्लू जेजने त्याला पहिल्या फेरीत, एकूण विसाव्या क्रमांकावर घेतलं, तेही सतराव्या वर्षी आणि शॉर्टस्टॉप म्हणून. हे उदाहरण दाखवून मुलावर दडपण आणू नका. पण "आपल्या पोरांच्यात हे नसतं" म्हणणाऱ्या मामांना ते जरूर ऐकवा.

निवड करणारे स्काउट वीस ते ऐंशी अशा मापावर गुण देतात, पन्नास म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. बॅटिंग, ताकद, धावणं, हाताचा जोर आणि क्षेत्ररक्षण, या पाच गोष्टी. हायस्कूलचा जवळपास प्रत्येक चांगला खेळाडू शॉर्टस्टॉपच असतो, कारण तिथे सगळ्यात चपळ पोराला उभं करतात. मग चाळणी लागते. जो पुरेसा वेगवान नाही तो सेकंडला किंवा थर्डला, जो बॅटने जबरदस्त आहे पण पाय जड आहेत तो फर्स्टला. ही हकालपट्टी वाटते, पण तो नियमच आहे. सलग २,६३२ सामने खेळणारा कॅल रिपकेन ज्युनिअर शॉर्टस्टॉपचा राजा होता, तोही शेवटची वर्षं थर्ड बेसला खेळला.

आमच्याकडे राहिलेल्यांपैकी एकाला प्रशिक्षकाने सेकंड बेसला जायला सांगितलं, तेव्हा तो दोन दिवस नीट जेवला नाही. पोह्यांचा तर त्याला भारी सोस होता, तेही तसेच राहिले. सेकंड बेसची खरी अडचण डबल प्लेची, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना आउट करण्याची, आहे. शॉर्टस्टॉपला पळत येणारा समोर दिसतो, सेकंड बेसमनची त्याच्याकडे जवळजवळ पाठ असते. चेंडू घ्यायचा, पाय बेसवर लावायचा, वळायचं, फेकायचं, आणि मागून एक धिप्पाड गडी घसरत येतोय. २०१५ च्या प्लेऑफमध्ये चेस अटलीच्या अशाच घसरण्यात मेट्सचा शॉर्टस्टॉप रुबेन तेहादा याचा पाय मोडला, आणि पुढच्या हंगामापासून घसरण्याचे नियम कडक झाले. आता धोका कमी आहे, पण भीती जायला सराव लागतोच. आमच्याकडच्या त्या पोराने तो हंगाम संपेपर्यंत दोन्ही जागा शिकून घेतल्या, आणि वरच्या पातळीवर त्याला बोलावलं ते त्यामुळेच.

२०२३ च्या नियमांनी हे आणखी पक्कं केलं. आधी संघ तीन-तीन इन्फिल्डर एका बाजूला सरकवायचे. आता सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हवेत आणि चौघांचे पाय इन्फिल्डच्या हद्दीत हवेत. त्यामुळे सेकंड बेसमनला पुन्हा खरोखर पळावं लागतं. हळू पायांच्या माणसाला तिथे लपवता येत नाही.

नव्या मुलाला अभ्यासायला एकच कारकीर्द सांगायची तर मी मोठ्या ताऱ्याची सांगणार नाही. मिगेल रोहासची सांगेन. व्हेनेझुएलाचा मुलगा, पोरवयात सिनसिनाटी रेड्सशी करार. त्यानंतर वर्षांमागून वर्षं मायनर लीग. रेड्सनी वर घेतलंच नाही. तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला आणि ६ जून २०१४ ला, पंचवीस वर्षांचा असताना, पहिला मेजर लीग सामना खेळला. बॅट बेताचीच. पण त्याच महिन्यात, १८ जूनला, डॉजर्सचा पिचर क्लेटन कर्शॉने नो-हिटर टाकला (म्हणजे पूर्ण सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट दिली नाही), त्यात सातव्या इनिंगमध्ये थर्ड बेसच्या रेषेलगतचा एक अवघड चेंडू रोहासने उचलून फर्स्टला फेकला आणि नो-हिटर वाचवला. मग मायामी, तिथे बरीच वर्षं, मग २०२३ मध्ये परत डॉजर्स. मुकी बेट्ससारखा आउटफिल्डचा तारा शॉर्टस्टॉप व्हायला निघाला, तेव्हा त्याला शिकवणाऱ्यांत रोहास होता. स्वतःची जागा दुसऱ्याला शिकवायची, हे फार थोड्यांना जमतं.

आणि मग २०२५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, डॉजर्स विरुद्ध टोरोंटो. पहिल्या पाच सामन्यांत तो सुरुवातीच्या नऊत नव्हता. सहाव्यात सेकंडला आला आणि सामना संपला तो त्याच्याच ग्लव्हमध्ये: लेफ्ट फिल्डवरून आलेला थ्रो त्याने बेसवर पाय रोवून टप्प्यावरच झेलला, डबल प्ले. सातव्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये डॉजर्स एका धावेने मागे असताना त्याने होमरन मारून बरोबरी केली. सगळे तेवढंच सांगतात. मला त्याच इनिंगचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. टोरोंटोचे तिन्ही बेस भरलेले, एक आउट, एक धाव आली की मालिका संपली. चेंडू रोहासकडे आला, तो उचलताना त्याचा तोल गेला, तरी त्याने होमवर थ्रो केला आणि आउट मिळाला. त्या क्षणी फर्स्टला फेकायचा मोह होतो, कारण शरीराला तीच सवय असते. तो विचार चेंडू यायच्या आधीच झालेला असतो. प्रत्येक चेंडूआधी "माझ्याकडे आला तर कुठे?" हे मनात ठरवणं, ही सवय दहा वर्षांच्या मुलालाही लावता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

पैशाचं आता. मायनर लीगच्या खेळाडूंची २०२३ मध्ये पहिल्यांदा संघटनेमार्फत बोलणी झाली आणि पगार दुपटीहून अधिक वाढले. त्या करारात किमान पगार सिंगल-ए या खालच्या पायरीवर वर्षाला २६,२०० डॉलर आणि ट्रिपल-ए या सगळ्यात वरच्या पायरीवर ३५,८०० डॉलर ठरला. आमच्याकडची मुलं होती तेव्हा याहून फार कमी मिळायचं, आणि ती महिन्याच्या शेवटी भात-वरणावर खूश असायची. मेजर लीगचा किमान पगार २०२६ मध्ये ७,८०,००० डॉलर आहे. ही दरी बघून डोळे फिरतात. पण वर एकदा बोलावलं म्हणजे मुक्काम झाला असं नाही. मेजर लीग क्लबच्या चाळीस जणांच्या यादीतल्या खेळाडूला साधारण तीन हंगामांत क्लब वर-खाली पाठवू शकतो. पगारावर दाद मागायला बहुतेकांना तीन वर्षांची मेजर लीग सेवा लागते, आणि मोकळा खेळाडू, म्हणजे हव्या त्या क्लबशी करार करू शकणारा, व्हायला सहा. तिशीतला इन्फिल्डर मोकळा होतो तेव्हा पाय मंदावायला लागलेले असतात, हे गणित क्लबांना पक्कं ठाऊक असतं.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्या मुलांना खरं तेच सांगते. २००८ मध्ये भारतात स्पर्धा घेऊन रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. दोघेही भालाफेक करणारे, आणि दोघांनाही पिचर म्हणून घेतलं. मेजर लीगपर्यंत कोणी पोहोचलं नाही. पिचरच का शोधले? हाताचा वेग रडारवर मोजता येतो आणि विशीतही त्यावर काम करता येतं. इन्फिल्डरचं शहाणपण मात्र हजारो टप्प्यांतून येतं. व्हेनेझुएलात आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये मुलं सोळाव्या-सतराव्या वर्षी करार करतात, म्हणजे त्याआधी दहा वर्षं ती मातीत असतात. शाळेत सॉफ्टबॉल किंवा बेसबॉल खेळत असाल तर मन लावून खेळा, राज्यासाठी खेळा. व्यावसायिक इन्फिल्डर व्हायचं तर मात्र बाराव्या-तेराव्या वर्षी रोज ग्राउंड बॉल (जमिनीवरून येणारे चेंडू) मिळणारं मैदान हवं.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. ग्लव्ह मोठा घेऊ नका. सेकंड आणि शॉर्टस्टॉपला सव्वाअकरा-साडेअकरा इंचांचा पुरे, मोठ्या ग्लव्हमध्ये चेंडू हरवतो आणि काढायला वेळ लागतो. फर्स्ट बेसचा मिट वेगळाच असतो, तो इतर ठिकाणी वापरता येत नाही. आणि मुलगा हायस्कूलमधून करार करत असेल, तर पुढे कॉलेजची फी क्लबने भरायची ही अट करारात लिहून घ्या. ती मागता येते, बऱ्याच जणांना मिळतेही, पण न मागणाऱ्याला कोणी आपण होऊन देत नाही. खेळ सुटल्यावर किती दिवसांत वर्गात बसायला हवं याची मुदत त्यात असते. ती सही करण्याआधी वाचा, आणि तारीख घरातल्या अशा माणसाकडे द्या जो ती विसरणार नाही.