कुत्री माजावर येण्याआधी

आटपाडी-जत भागात वाड्यावरच्या, म्हणजे मेंढरं बसवायच्या मुक्कामावरच्या, कुत्रीची पिल्लं घ्यायची ठरलं, की लोक आधी नर शोधायला निघतात. माझं म्हणणं, आधी घरं शोधा. एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज होतात. वहीच्या पहिल्या पानावर आठ ओळी सोडा आणि प्रत्येक ओळीत लिहा: पिल्लू कोण नेणार, त्याची मेंढरं किती, रात्री वाड्यावर कोण असतं, आणि नाही जमलं तर परत आणून देईल का. चार ओळीसुद्धा भरत नसतील, तर या खेपेला थांबा. घर न मिळालेली पिल्लं गावाबाहेर सोडली जातात, टोळीनं वाढतात आणि कोकरांवर पडतात. लांडग्याच्या नावावर जाणारी काही कोकरं यांनीच फाडलेली असतात.

मग कुत्रीचं वय. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वानपैदास नियमांप्रमाणे 18 महिन्यांच्या आत कुत्री नराला लावायची नाही, वर्षात एकच वेत, उभ्या जन्मात पाचच्या वर नाही, आणि 8 आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. पैदाशीचा धंदा करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणीही करायची असते. मेंढपाळ म्हणेल, माझा कुठं धंदा आहे? नसू दे. पण हे आकडे कुत्रीच्या अंगाला झेपेल असे आहेत, म्हणून पाळायचे. मी एकदा दहा महिन्यांची कुत्री पहिल्याच माजाला लावली, कारण नर नावाजलेला होता आणि मालक दुसऱ्या दिवशी निघणार होता. सहा पिल्लं झाली. तिचीच वाढ पुरी झालेली नव्हती, दूध उतरलंच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे एक पिल्लू उचललं तर पोट गार, पाठीला लागलेलं, तोंड कोरडं. आठवड्यात दोनच उरली. चूक सगळी माझी होती.

नर बघायला मालकाच्या अंगणात जाऊ नका, वाड्यावर जा, आणि रात्री जा. वाघरीपासून, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीपासून, तो किती लांब बसतो? अनोळखी पाऊल वाजलं की भुंकत पुढं येतो, की मेंढरांत शिरतो? कोकरू अंगावर चढलं तर मान वळवून पडून राहतो, की दात दाखवतो? मेंढी वीत असताना शांत बसणारा नर मला उंच, देखण्या नरापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. कारवान या पळणाऱ्या, सडपातळ जातीच्या बाबतीत तर हे जास्तच सांगावंसं वाटतं. शर्यतीच्या हौसेपायी त्यात ग्रेहाउंडचं रक्त घालतात. पळ वाढतो, पण उन्हातान्हात भाकरीच्या तुकड्यावर राहणारा काटकपणा जातो. आणि सशामागं सोडून पळ दाखवतो म्हणणाऱ्याला तिथंच नाही म्हणा. सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

नाव झालेल्या एकाच नराची पिल्लं पाच गावांत गेली, की दोन-तीन पिढ्यांत सगळेच भाऊबंद होतात. म्हणून दोन्हीकडचे आईबाप आणि आजीआजोबा विचारून वहीत लिहून घ्या. बाप-लेक, भाऊ-बहीण असला मेळ कोणी कितीही गळ घातली तरी नको.

लावण्याआधी दहा दिवस तरी डॉक्टरांकडून कुत्री तपासून घ्या. लसी आणि जंताचं औषध माजाच्या आधीच उरकायचं. ब्रुसेलासाठी नराचं आणि कुत्रीचं रक्त तपासा, या रोगानं गाभ पडतो आणि तो माणसालाही लागतो. तालुक्याला सोय नसेल तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. मेंढी कापल्यावर कच्चं काळीज-फुप्फुस कुत्र्यापुढं टाकणं कायमचं बंद करा. त्यातून कुत्र्याच्या पोटात जंत होतो, त्याची अंडी विष्ठेतून पसरतात आणि माणसाच्या काळजात, म्हणजे यकृतात, पाण्याच्या गाठी धरतात.

लाल दिसल्यापासून तीन आठवडे कुत्री दाराला कडी असलेल्या खोलीत ठेवा, दावं पुरत नाही. एका माजात दोन नर लागले तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. लावल्याची तारीख लिहा आणि पुढं 63 दिवस मोजा. गाभणपण दोन महिने, पिल्लं अंगावर दोन महिने, म्हणजे चार महिने मुक्काम एका जागी हवा. दिवाळीनंतर वाडा हलणार असेल तर तो माज सोडून द्या.

विण्यासाठी कोरडा आडोसा, जुनी धुतलेली लुगडी, उबेला दिवा, किराणा दुकानातला छोटा काटा, डॉक्टरांचा नंबर आणि रात्री निघेल अशी गाडी. अर्धा तास जोर करूनही पिल्लू आलं नाही, तर गाडी काढा. कळा वाढवायचं इंजेक्शन स्वतःच्या हातानं देऊ नका, आडवं पिल्लू असेल तर पिशवी फाटते. पिल्लांचं वजन रोज घ्या. एक दिवस जरी वाढलं नाही, तरी लगेच बघायला हवं.

चौथ्या आठवड्यापासून पिल्लांना रोज थोडा वेळ, आपण जवळ बसून, कोकरांत सोडा. 8 आठवडे झाल्यावर लसीचं कार्ड देऊनच पाठवा. कामाला न उतरणाऱ्या पिल्लाची नसबंदी करायची, हे आधीच बोलून ठेवा. वही मात्र जपून ठेवायची. वर्षानं त्या आठही वाड्यांवर जाऊन कोणतं पिल्लू काय करतंय, ते त्याच्या ओळीपुढं लिहायचं आहे.