सोनोग्राफीत ‘गाठ’ लिहून आली तर

माझ्या जावेच्या ट्रंकेत एक पिवळा पडलेला कागद आहे. आशा सेविका म्हणून माझं प्रशिक्षण झालं, रिपोर्टातले चार शब्द कळायला लागले, तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट वाचला. उजव्या अंडाशयात सिंपल सिस्ट, 32 बाय 28 मिलिमीटर. एवढंच. या एका ओळीवर सत्ताविसाव्या वर्षी तिची पिशवी, म्हणजे गर्भाशय, आणि दोन्ही अंडाशयं काढली गेली. “गाठ आहे, कॅन्सर होईल, उद्याच काढा,” असं तिला सांगितलं होतं. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन पैसे भरले आणि ती फेडायला पुढचे दोन हंगाम ती फडात मोळ्या वाहत होती.

ती एकटी नाही. 2019 मध्ये आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सगळ्यांचं कारण गाठच होतं असं नाही. कुणाला अंगावरून पांढरं जात होतं, कुणाला पाळीत खाडा पडून पैसे कापले जाण्याची धास्ती होती. पण ‘गाठ’ या शब्दाला घाबरून टेबलावर गेलेल्या मी माझ्याच तांड्या-वाड्यांवर पाहिल्यात.

आधी सिस्ट म्हणजे काय ते. पातळ आवरणाची पिशवी, आत पाणी नाहीतर घट्ट चिकट ऐवज. पाळी येणाऱ्या बाईच्या अंडाशयात दर महिन्याला बीजाचा असाच एक फुगा तयार होतो, दोन-अडीच सेंटीमीटरचा होतो, फुटतो आणि बीज बाहेर पडतं. एखाद्या महिन्यात तो फुटत नाही, वाढत राहतो. हीच साधी पाण्याची गाठ. बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरते. पीसीओएस, म्हणजे हार्मोनच्या बिघाडाचा आजार, त्याहून वेगळा. त्यात दिसतात ते न पिकलेल्या बीजांचे बारके फुगे, त्यांना कापायचं नसतं.

रिपोर्ट हातात आला की पहिल्यांदा आकडा बघा. मिलिमीटरला दहानं भागलं की सेंटीमीटर. पाळी चालू आहे, गाठ साधी आहे आणि पाच सेंटीमीटरच्या आत आहे, तर सहसा काहीच करावं लागत नाही. पाच ते सातच्या दरम्यान असेल तर वर्षानं पुन्हा सोनोग्राफी. त्याहून मोठी असली तर पुढचा तपास किंवा ऑपरेशनचा विचार. मग शब्द बघा. ‘सिंपल’ किंवा ‘क्लिअर’ असेल तर जीव भांड्यात पडू द्या. ‘सॉलिड’ (आत भरीव भाग), ‘सेप्टा’ (आत पडदे), ‘कॉम्प्लेक्स’ (साधी नसलेली) असं काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायला उशीर नको. जुनं रक्त साठलेली चॉकलेट सिस्ट आणि आत केस, चरबी, कधी दातसुद्धा असलेली डर्मॉइड या सहसा आपोआप जात नाहीत. पाळी गेलेल्या बाईत गाठ निघाली तर ती लहान असली तरी तपासायचीच. त्यात सीए-125 ही रक्ताची तपासणी सांगतात.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तर तीन गोष्टी विचाराच, लाजू नका. गाठ पिशवीत आहे की अंडाशयात? नुसती गाठ काढून अंडाशय ठेवता येईल का? तीन महिने थांबले तर काय बिघडेल? अंडाशयातली गाठ दुर्बिणीतून एकटी काढता येते, त्यासाठी पिशवी काढायची गरज बहुधा नसते. माझ्या जावेला हे कुणी सांगितलं नाही. तरुणपणी दोन्ही अंडाशयं गेली की हाडं झिजतात, अंगाच्या वाफा होतात, हृदयाचा धोका वाढतो. पस्तिशीत तिला पाण्याचा हंडा उचलवेना. शंका असेल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन दुसरं मत घ्या. मी बायकांना घेऊन जाते, जुना रिपोर्ट मात्र सोबत हवा.

अंगावरच्या आणि इतर गाठींचं थोडक्यात. पाठीवर, मानेवर मधोमध काळा ठिपका असलेली गाठ पिळू नका. आतल्या आत फुटते, पिकते. आवरणासकट काढली नाही तर पुन्हा येते. मनगटावरच्या मऊ गाठीत जेलीसारखा द्रव असतो, दुखत नसेल तर राहू द्या. उतारवयात मूत्रपिंडात साधी सिस्ट निघणं सर्रास आहे. आणि स्तनातली गाठ, दुखो न दुखो, घरी ठेवायची नाही.

एका गाठीबद्दल मात्र मेंढरं राखणाऱ्या घरांत मी परत परत सांगते. जत्रेत, कंदुरीत बकरं कापलं की आतडी-काळीज कुत्र्यापुढं टाकतात. त्यातून कुत्र्याच्या पोटात बारीक फीतकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर येतात आणि आपल्या हातांतून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. मग काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, नाहीतर फुप्फुसात पाण्याची गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. तिला हायडॅटिड म्हणतात. मार बसून ती फुटली, किंवा न ओळखता कुणी सुई घातली, तर अंगावर एकदम पित्त उठून, रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. उपचार आहे: अल्बेंडाझोलच्या गोळ्या, आणि गरजेप्रमाणे ऑपरेशन किंवा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुईनं उपचार. कापलेल्या जनावराची आतडी-काळीज खोल पुरा आणि कुत्र्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवा.

तोडीला निघालेल्या बायकांसाठी शेवटचं. अंडाशयात गाठ आहे हे माहीत असेल आणि फडात अचानक ओटीपोटात एका बाजूला कळ आली, उलट्या सुरू झाल्या, तर गाठीचा पीळ पडलेला असू शकतो. अंडाशयाचं रक्त तुटतं, काही तासांत ते निकामी होऊ शकतं. मोळी तिथंच टाका. मुकादम काय म्हणेल, खाडा किती पडेल, हे नंतर बघता येईल. 108 ला फोन लावा आणि रिपोर्टाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, आधीच ठेवलेली असू द्या.