थंडीचा भोंगा वाजेल का? आज थर्मिस्टरचा जोड बघा
(निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यातील द्राक्ष बागायतदारांसाठी, डिसेंबर-जानेवारी)

वारा उत्तरेचा झाला, आभाळ निरभ्र राहिलं, की पाणी उतरत असलेल्या (मणी मऊ पडून गोडी भरत असलेल्या) बागेची वाट लावायला दोन पहाटा पुरतात. तडकलेला मणी पुन्हा सांधत नाही. घडाजवळ टांगलेला थर्मिस्टर थंडी मोजतो आणि तापमान ठरवलेल्या अंशाखाली गेलं की त्याला जोडलेलं यंत्र भोंगा वाजवतं. म्हणून बाकीची कामं बाजूला ठेवा आणि त्या थर्मिस्टरच्या वायरचा जोड आजच उघडून बघा.

थर्मिस्टर म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारा मिरीएवढा रोधक. आपल्याकडे बहुतेक 10 हजार ओहमचा एनटीसी मिळतो: 25 अंशाला 10 हजार, गारठा वाढेल तसा रोध वाढतो. 100 मीटर वायरचा रोध जेमतेम सात-आठ ओहम, त्यामुळे लांबीने आकडा बिघडत नाही. बिघडवतो तो ओला जोड. दव किंवा फवारणीचं पाणी आत शिरलं की दोन तारांमध्ये चोरवाट तयार होते, रोध कमी भासतो आणि यंत्राला हवा उबदार वाटते. खरे 4 अंश असताना जोडातून 1 लाख ओहमची गळती असेल, तर यंत्राच्या बोर्डवर जवळपास 9 दिसतात.

गेल्या हंगामात एका बागेत हेच झालं. भोंगा 6 अंशाला लावलेला, तो रात्रभर गप्प. सकाळी जोडावरची काळी टेप सोलली, तर तांब्यावर हिरवी पूड आणि आत ओल. पंधरा दिवसांनी तिथे तडकलेले घड कापताना पाहिले. वायर तुटली तर यंत्र उलट फार थंडी दाखवतं आणि भोंगा वाजतो, म्हणजे निदान जाग तरी येते. ओला जोड झोपू देतो.

तपासणी अशी: जोड तेवढा मीठ घातलेल्या पाण्यात बुडवा, थर्मिस्टर बाहेर ठेवा. आकडा वर सरकला तर जोड गळतोय. मग कापा, नव्याने डाखा, आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवा. नुसती टेप नको. पुढे थर्मिस्टर बर्फाचा चुरा आणि थोड्या पाण्यात दहा मिनिटं ढवळत धरा. 0 दिसायला हवं. थर्मिस्टर 3950 बीटाचा (बीटा म्हणजे तापमानाबरोबर रोध किती बदलतो ते सांगणारा आकडा) असेल तर मीटरवर सुमारे 33 हजार ओहम.

टांगायची जागा बागेच्या सखल कोपऱ्यात, घडाच्या उंचीवर, लोखंडी अँगलपासून दूर. वरून पांढऱ्या पाइपचा तुकडा, खालून उघडा. मोबाइलवरचं तापमान तुमच्या घडाचं नव्हे.

दुकानदार हजारोंची ऑटोमेशन पेटी आणि थंडीचं टॉनिक गळ्यात मारतील. टॉनिकने पहाटेची थंडी हटत नाही. चांगला थर्मिस्टर शंभर-दीडशे रुपयांत येतो, पैसे जोडावर घाला.

भोंगा वाजल्यावर:
- ठिबकने विहिरीचं पाणी सोडा
- बांधावर ओलसर काडीकचऱ्याचा धूर
- बुंध्यात आच्छादन आधीच हवं

इतर कामं:
- भुरी (पांढरी बुरशी) दिसताच गंधक 80 टक्के, 2 ग्रॅम प्रति लिटर. दुपारच्या उन्हात नको
- घडांना पेपर गुंडाळणे
- ठिबकच्या नळ्या धुणे

माझा अंदाज सांगतो, त्याला शिफारशीचा आधार नाही: संध्याकाळी वारा अचानक पडला तर भोंगा 6 ऐवजी 8 वर ठेवा. आणि दर फवारणीनंतर जोड पुन्हा बघा.